आधी सांगायचं, मग हात लावायचा

टेम्स नदीच्या मुखाजवळ शूबरीनेस म्हणून एक ठिकाण आहे. ओहोटी लागली की तिथला चिखल लांबवर उघडा पडतो. २२ नोव्हेंबर १९३९ च्या रात्री एका जर्मन विमानाने पॅराशूटला अडकवलेला सुरुंग तिथे टाकला. तो खोल पाण्यात पडायला हवा होता; पडला चिखलात, आणि ओहोटीने तो उघडा पाडला. ब्रिटिश नौदल तेव्हा टेकीला आलं होतं. लंडनच्या वाटेवर जहाजं बुडत होती आणि ती कुठल्याही सुरुंगाला धडकत नव्हती. जहाजाच्या लोखंडाची चाहूल लागून फुटणारा काहीतरी नवा प्रकार असावा, एवढा तर्क झाला होता. खात्री करून घ्यायला हातात नमुना मात्र एकही नव्हता.

दुसऱ्या दिवशी नौदलाचे चौघे त्या चिखलात उतरले. दोघे सुरुंगापाशी गेले, दोघे लांब थांबले. जवळ गेलेले जॉन ऊव्री आणि बाल्डविन. लांब थांबलेले रॉजर लुइस आणि व्हर्नकोम. ठरलं होतं ते असं: पुढे काय करणार ते ऊव्री आधी सांगणार, लांबचे दोघे ते टिपून घेणार, आणि मगच हात लागणार. सांगून झाल्याशिवाय एक नटसुद्धा फिरवायचा नाही. स्फोट झालाच, तर वहीतली शेवटची ओळ म्हणजे जिथे घात झाला ती पायरी. तिच्या आधीच्या सगळ्या सुरक्षित. पुढचा सुरुंग सापडेल तेव्हा लुइस आणि व्हर्नकोम त्या ओळीपासून पुढे जातील.

सुरुंग चुंबकाने फुटत असेल तर लोखंडी पाना त्याच्याजवळ नेणं म्हणजे मरण ओढवून घेणं. म्हणून नटाचा ठसा घेऊन, चुंबक ज्याला ओढत नाही अशा धातूचा पाना खास घडवून आणला गेला. सुरुंग उघडला गेला, त्याचं मर्म कळलं, आणि लवकरच ब्रिटिश जहाजांभोवती तांब्याच्या केबलचे वेढे देऊन त्यांचं चुंबकत्व मारायला सुरुवात झाली. चौघेही त्या दिवशी सुखरूप परतले.

बॉम्ब निकामी करणाऱ्या लष्करी पथकांविषयी मी गेली काही वर्षं मिळेल ते वाचतो आहे, आणि त्या सगळ्यात मला धरून ठेवणारी गोष्ट हीच आहे: आधी सांगायचं, मग हात लावायचा. आपली रोजची रीत याच्या उलट असते. काम फत्ते झालं की आपण सांगतो, फसलं की गप्प राहतो. इथे फसण्याची शक्यता गृहीत धरून, फसण्याच्या आधीच, दुसऱ्यासाठी सगळं सांगून ठेवायचं. धाडसाबद्दल माझ्या मनात ज्या कल्पना होत्या त्यांत हे कुठेच नव्हतं. धाडस म्हणजे पुढे होणं, असं मला वाटायचं. इथे पुढे होणाऱ्याच्या इतकीच किंमत मागे थांबून लिहिणाऱ्याला आहे.

हे काम तसं जुनं. ब्रिटिश तोफखान्यातले अधिकारी व्हिव्हियन मॅजेंडी १८७० च्या दशकात सरकारचे स्फोटक पदार्थांचे मुख्य निरीक्षक झाले. १८८४ मध्ये लंडनच्या रेल्वे स्थानकांवर सामानाच्या पेट्यांतून गजराच्या घड्याळांवर चालणारे बॉम्ब ठेवले गेले, तेव्हा न फुटलेले बॉम्ब तपासून त्यांची रचना समजून घेणाऱ्यांत ते होते. पण तो एका जाणकाराचा काळ होता. पथकं उभी राहिली ती १९४० मध्ये, आणि तीसुद्धा घाईघाईने, गरजेच्या मागून धावत.

आकाशातून पडणाऱ्या बॉम्बांपैकी साधारण दहातला एक फुटत नाही. लंडनवर रोज रात्री विमानं यायला लागल्यावर या दहाव्या बॉम्बाचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. सुरुंग नौदलाने बघायचे, विमानतळ हवाईदलाने, आणि बाकी सगळं लष्कराच्या रॉयल इंजिनियर्सनी, अशी वाटणी झाली. मे १९४० मध्ये त्यांच्या पंचवीस तुकड्या मंजूर झाल्या होत्या. ऑगस्टपर्यंत तो आकडा २२० वर गेला. तुकडीत एक अधिकारी आणि चौदा माणसं. पुढे अशा दहा तुकड्यांची एक कंपनी होऊ लागली. जानेवारी १९४१ मध्ये एकट्या लंडनमध्ये सहा कंपन्या होत्या. कितीतरी अधिकारी हाती लागेल तेवढं शिक्षण घेऊन थेट कामावर गेले. द्यायला शिक्षणच फार नव्हतं, कारण या बॉम्बांबद्दल कोणालाच पुरेसं माहीत नव्हतं. जे माहीत झालं ते त्यांच्याकडूनच झालं.

या पथकांचं काम म्हणजे मुख्यतः खणणं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. पाव टनाचा बॉम्ब उंचावरून नाकावर पडतो आणि मऊ मातीत कित्येक फूट खाली जातो. जाताना सरळ जात नाही. मातीत शिरल्यावर त्याची वाट वाकते, कधीकधी इतकी की तो पुन्हा वर तोंड करून थांबतो. वर दिसतं ते फक्त एक भोक, आणि बॉम्ब त्या भोकाच्या खाली नसतोच. बाजूच्या घराच्या पायाखाली असू शकतो. मग खड्डा घ्यायचा, लाकडी फळ्यांनी त्याच्या भिंती धरून ठेवायच्या, चिकणमाती बादल्यांनी वर ओढायची, पाणी उपसायचं. फावडं जपून घालायचं, कारण पुढचा घाव लोखंडावर बसेल की मातीत ते कळायला मार्ग नाही. आणि हे सगळं होत असताना खाली पडलेल्या त्या वस्तूत घड्याळ चालू आहे की बंद आहे हेही माहीत नाही. दिवसचे दिवस हे चालायचं. बॉम्बाचं अंग दिसलं की खणणारे वर यायचे आणि अधिकारी एकटा खाली उतरायचा. त्या एकट्या उतरण्याची वर्णनं पुष्कळ आहेत. तीन-तीन दिवस खाली राबलेल्या त्या माणसांची फार थोडी आहेत, आणि ही उणीव मला वाचताना सतत जाणवते.

सेंट पॉल्स कॅथीड्रलचा बॉम्ब त्याचं चांगलं उदाहरण. १२ सप्टेंबर १९४० च्या पहाटे तो कॅथीड्रलच्या नैऋत्य बुरुजाशेजारच्या रस्त्यात घुसला. वजन टनाच्या आसपास. खणताना गॅसची मुख्य वाहिनी आडवी आली आणि आगीला तोंड द्यावं लागलं. बॉम्ब होता सुमारे सत्तावीस फूट खाली. लेफ्टनंट रॉबर्ट डेव्हीस यांच्या तुकडीला तीन दिवस लागले. खाली प्रत्यक्ष बॉम्बाला जाऊन भिडणारा होता सॅपर, म्हणजे इंजिनियर्समधला साधा शिपाई, जॉर्ज वायली. बॉम्ब वर काढून ट्रकवर चढवला, रस्ते रिकामे करून शहराबाहेर हॅकनीच्या दलदलीत नेला आणि तिथे उडवला. जो खड्डा पडला तो शंभर फूट रुंद होता. तेवढा खड्डा त्या घुमटाखाली पडला असता तर काय उरलं असतं, याचा हिशोब करायची गरज नाही.

त्याच महिन्यात, २४ सप्टेंबरला, राजे सहावे जॉर्ज यांनी जॉर्ज क्रॉस हे पदक सुरू केलं. डेव्हीस आणि वायली त्याच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी. व्हिक्टोरिया क्रॉस शत्रूसमोर दाखवलेल्या शौर्यासाठी, आणि जॉर्ज क्रॉस जिथे शत्रू समोर नाही अशा शौर्यासाठी, अशी त्यांची विभागणी. कागदावर ती ठीक असेल, पण मला ती पटत नाही. बॉम्बनाशकासमोर शत्रू असतोच. तो फ्यूजमध्ये असतो.

हा फ्यूज, म्हणजे बॉम्ब फोडणारी कळ, नीट बघण्यासारखा आहे. जर्मन बॉम्बाच्या पोलादी अंगात, कडेला, एक ॲल्युमिनियमची गोल चकती बसवलेली असायची. चिखल खरवडून काढला की तिच्यावर एका वर्तुळात कोरलेला आकडा दिसायचा. बॅटरीच्या उजेडात तो आकडा वाचणं हे खाली उतरलेल्या अधिकाऱ्याचं पहिलं काम. १५ असेल तर आपटताक्षणी फुटायला हवा होता तो फुटला नाही, एवढंच. हे फ्यूज विजेवर चालायचे. विमानातून सुटताना विमान त्यात वीज भरायचं, ती कंडेन्सरमध्ये साठायची, आणि जमिनीच्या धक्क्याने स्विच जोडला गेला की ठिणगी पडायची. चकतीवर दोन बारीक खुंट्या असत, वीज आत जायची ती त्यांच्यातून. त्या एका छोट्या उपकरणाने दाबून धरल्या की साठलेली वीज निघून जायची. मग फ्यूज काढायचा, बॉम्ब उचलायचा.

आकडा १७ असेल तर आत घड्याळ. दोन-चार तासांपासून बहात्तर तासांपर्यंत कितीही लावलेलं. आपटल्यावर बंद पडलेलं असू शकतं, आणि फावड्याच्या एका धक्क्याने पुन्हा सुरूही होऊ शकतं. त्यावर कान लावायला लांब तारेचा विद्युत स्टेथोस्कोप आला, म्हणजे दूर बसून टिकटिक ऐकता येईल. पुढे एक मोठा जड विद्युतचुंबक आला, जो बॉम्बाला बांधला की आतलं घड्याळ जागच्या जागी धरून ठेवी.

आकडा ५० असेल तर बॉम्ब हलवायचाच नाही. त्यातले स्विच इतके हळवे की जरासं हललं तरी पुरे. मात्र ५० मधली वीज काही दिवसांत आपोआप ओसरते, म्हणून त्याच्यापुढे थांबणं शहाणपणाचं. १७ थांबू देत नाही. आता एकाच बॉम्बात १७ आणि ५० असे दोन फ्यूज शेजारी शेजारी बसवले तर? थांबता येत नाही आणि हातही लावता येत नाही. असे बॉम्ब यायला लागले, कारण ते तसे मुद्दाम बनवले जात होते. राइनमेटल कंपनीत हर्बर्ट र्‍युलेमान नावाचे अभियंते या विद्युत फ्यूजांमागे होते. खड्ड्यात उतरलेला तरुण अधिकारी आणि त्याने कधी न पाहिलेला हा अभियंता यांच्यात एक सामना चालू होता, आणि त्यातली प्रत्येक खेळी कोणाच्या तरी जिवावर कळत होती.

त्यातली सर्वांत कडवट खेळी म्हणजे झुस-४०. हा फ्यूजच्या खाली बसवलेला छोटा सापळा. फ्यूज बोटभर वर ओढला गेला की याची स्प्रिंग सुटते, हातोडी टोपीवर बसते, आणि सगळा बॉम्ब फुटतो. बॉम्बाचे बाकीचे भाग कारखाना पाडायला, गोदी पेटवायला, घरं उडवायला बनवले होते. हा एकच भाग असा होता की तो फक्त त्या एका माणसासाठी बनवला होता, जो खाली बसून फ्यूज काढतो आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. युद्धात माणसं मारली जातात हे माहीत असतं. पण इतरांचा जीव वाचवायला येणाऱ्या माणसाचा नेम आधीच धरून, कारखान्यात शांतपणे बसून, त्याच्यासाठी स्प्रिंग घडवणं ही वेगळीच गोष्ट आहे. आणि असं करणारा एकच देश नव्हता, हेही पुढे येईलच.

झुस-४० चा उलगडा होण्यात स्टुअर्ट आर्चर यांचा मोठा वाटा. शिक्षणाने वास्तुविशारद, तेव्हा वय पंचवीस. २ सप्टेंबर १९४० रोजी वेल्समध्ये स्वॉन्झीजवळच्या लँडार्सी तेलशुद्धीकरण कारखान्यात ते गेले तेव्हा शेजारच्या टाक्या जळत होत्या. आगीच्या धगीत, एका तेलाच्या टाकीला लागून पडलेल्या बॉम्बाशी ते बसले. फ्यूज समोरून सरळ ओढण्याऐवजी त्यांनी बॉम्ब मागच्या बाजूने उघडला, आतली स्फोटकं बाहेर काढली आणि फ्यूज ज्या नळीत बसतो ती नळीच आख्खी सोडवून घेतली. तिच्यात फ्यूजच्या खाली तो सापळा तसाच्या तसा होता. आर्चर यांना जॉर्ज क्रॉस मिळाला. ते २०१५ मध्ये, वयाची शंभर वर्षं पुरी करून गेले. या कामात असलेल्या माणसाला शंभर वर्षं लाभली हे वाचून मला फार बरं वाटलं होतं.

सापळा कळला आणि मग फ्यूजला हात न लावता बॉम्ब मारायचे उपाय निघाले. त्यातला एक मला त्याच्या साधेपणासाठी आवडतो. बॉम्बात भरलेलं टीएनटी हे स्फोटक साधारण ऐंशी अंश सेल्सियसला वितळतं, आणि वितळल्याने फुटत नाही. म्हणून बॉम्बाच्या अंगाला यंत्राने सावकाश भोक पाडायचं, सगळ्यांनी लांब जायचं, आणि नळीने आत वाफ सोडायची. स्फोटक पातळ होऊन बाहेर वाहून येतं. मागे उरतो तो पोलादी डबा आणि त्यात फ्यूज. त्याचं घड्याळ चालू असलं तरी आता फुटून करणार काय?

हे उपाय जिथे शोधले जात त्या कामात सफोकचे विसावे अर्ल, चार्ल्स हॉवर्ड, होते. त्यांचं आयुष्य ऐकताना खोटं वाटावं असं आहे. उमराव घराण्यातला मुलगा, तरुणपणी शिडाच्या जहाजावर शिकाऊ म्हणून गेला, मग एडिंबरोला औषधशास्त्र शिकला. जून १९४० मध्ये फ्रान्स पडत असताना बोर्दोहून ब्रूमपार्क नावाच्या जहाजावर अणुसंशोधनाला लागणाऱ्या जड पाण्याचा मोठा साठा, हिरे आणि शास्त्रज्ञ घेऊन इंग्लंडला आला. त्यानंतर पुरवठा मंत्रालयासाठी न फुटलेल्या बॉम्बांवर प्रयोग करू लागला. त्याच्याबरोबर दोघं कायम असत: सेक्रेटरी आयलीन बेरिल मॉर्डन आणि ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स. लोक त्यांना त्रिमूर्ती म्हणत. अर्ल बॉम्बाशी बसून प्रत्येक हालचाल बोलून दाखवी आणि मिस मॉर्डन ती वहीत उतरवून घेत. त्यांनी चौतीस बॉम्ब असे हाताळले. पस्तिसावा १२ मे १९४१ रोजी एरिथच्या दलदलीत फुटला. त्यात १७ आणि ५० असे दोन्ही फ्यूज होते. तिघेही गेले, आणि त्यांच्याबरोबरचे सॅपरही.

अर्लला जॉर्ज क्रॉस मिळाला. मिस मॉर्डन आणि हार्ड्स यांच्या धैर्याची अधिकृत नोंद झाली. गोष्टी सांगितल्या जातात त्या अर्लच्या, आणि ते साहजिकच आहे. तसा माणूस क्वचितच होतो. पण मी जास्त विचार करतो तो मिस मॉर्डनचा. अर्लच्या हातात निदान काम होतं. भीती बोटांतून वाट काढते, स्क्रूवर लक्ष असलं की वेळ जातो. ती नुसती उभी होती, पेन्सिल घेऊन. तिच्या हातून बॉम्बाचं काही होणार नव्हतं. ऐकायचं आणि शब्द न गाळता लिहायचं, इतकंच. चौतीस वेळा ती त्या अंतरावर उभी राहिली, कारण लांबून ऐकू येत नसे. शूबरीनेसला टिपणारे दोघे सुरक्षित अंतरावर होते. पद्धतीचा हेतूच तो होता. इथे ते अंतर राहिलं नाही. अर्लच्या उमद्या, बेफिकीर स्वभावाची किंमत त्या दोघांनी दिली असं मला वाटतं, आणि अर्लबद्दल आदर असूनही मी हे म्हणतो.

आणखी काही माणसांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. धर्माने किंवा सदसद्विवेकाने ज्यांना शस्त्र धरणं मान्य नव्हतं अशांसाठी ब्रिटिश लष्करात बिनलढाऊ दल होतं. लोक त्यांना भित्रे म्हणत, नोकऱ्यांवरून काढत, रस्त्यात टोचून बोलत. त्यांच्यातल्या चारशेहून अधिक जणांनी बॉम्बनाशक पथकात काम मागून घेतलं. कोणाला मारणार नाही, या शब्दाला कुठेही मुरड न घालता करता येईल आणि तरीही सर्वांत धोक्याचं असेल, असं लष्करातलं ते एक काम होतं. त्यांनी खड्डे खणले, फळ्या ठोकल्या, चिखल उपसला. त्यांच्या निष्ठेबद्दल ज्यांना शंका होती त्यांना द्यायला याहून सरळ उत्तर असू शकत नाही.

जॉर्ज क्रॉसच्या यादीत एक नाव मद्रास सॅपर्सचं आहे, सुभेदार सुब्रमण्यन यांचं. २४ फेब्रुवारी १९४४, इटलीत मिन्यानो इथे. सुरुंग पेरलेल्या जमिनीतून ते शोधयंत्र घेऊन वाट काढत होते आणि मागून लान्स नाईक सिगामणी सुरक्षित वाटेवर पांढरी पट्टी टाकत येत होते. सिगामणींच्या पायाखाली छोटासा आवाज झाला. जर्मन उडता सुरुंग दाबला गेला की खरा स्फोट व्हायला सुमारे चार सेकंद जातात, हे सुब्रमण्यन यांना माहीत होतं. तो कमरेइतका वर उसळून चहूकडे छर्रे फेकतो, आणि जमिनीला चिकटून पडलेला माणूस त्यातून वाचू शकतो, हेही त्यांना माहीत होतं. चार सेकंदांत त्यांनी त्या सुरुंगावर अंग टाकलं. ते गेले, मागचे वाचले. त्या क्षणी त्यांना त्या यंत्राची नेमकी माहिती होती आणि ती स्वतःसाठी वापरायला वेळही होता. या सगळ्या इतिहासात माझा हात लिहिताना अडखळतो तो इथे.

जानेवारी १९४३ मध्ये सामना पुन्हा पेटला. लंडनवरच्या हल्ल्यात पडलेल्या काही बॉम्बांचे फ्यूज वरून नेहमीसारखे दिसत, आत मात्र कंडेन्सर नव्हते, बॅटऱ्या होत्या. खुंट्या दाबून वीज काढायची जी रीत सगळे शिकले होते, ती इथे निरुपयोगी ठरत होती. पाऱ्याचे स्विच असे बसवले होते की बॉम्ब जरा कलला की संपलं. त्या फ्यूजला वाय हे अक्षर मिळालं. त्यावर उपाय काढणाऱ्यांत जॉन हडसन प्रमुख होते. व्यवसायाने ते बागायतशास्त्रज्ञ, युद्धानंतरही पुन्हा त्याच विषयात जाऊन प्राध्यापक झाले. बॅटरी थंडीत लुळी पडते, मग तिला इतकं थंड करावं की ती वीज देऊच शकणार नाही, हा विचार. द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो. फ्यूजभोवती मातीचं आळं करून त्यात तो ओतायचा, आजूबाजूच्या पोलादावर बर्फ जमेपर्यंत ओतत राहायचं, आणि बॅटरी पुन्हा गरम व्हायच्या आत फ्यूज काढून घ्यायचा. हडसन यांनी तसा काढला, आणि त्यानंतर ज्यांच्या वाट्याला वाय आला त्यांच्यासाठी रीत तयार होती.

पुढच्या काळाबद्दल थोडक्यात. १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिश लष्कराच्या दारूगोळा तज्ज्ञांसमोर कारखान्यात बनलेले बॉम्ब राहिले नाहीत. घरी बनवलेले होते, आणि आकडा बघून ओळखावा असा एकही नव्हता. १९७२ मध्ये लेफ्टनंट कर्नल पीटर मिलर यांनी बागकामाच्या विजेवर चालणाऱ्या ढकलगाडीचा सांगाडा घेऊन दुरून हाकता येणारं यंत्र उभं केलं. त्याचं नावच व्हीलबॅरो पडलं. त्याच सुमारास पाण्याचा जबरदस्त झोत मारणारं उपकरण आलं. बॉम्बाचं सर्किट पुरं होण्याआधीच तो झोत त्याच्या चिंधड्या करतो. मधलं अंतर वाढवणं हा या सगळ्याचा गाभा. यंत्र जिथे पोचत नाही तिथे मात्र जड सूट घालून माणसाला एकट्यानेच चालत जावं लागे, आणि अजूनही जावं लागतं.

दुसऱ्या महायुद्धातलं काम तर अजून संपलेलंच नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ शहरात एका घराच्या परसात ५०० किलोचा जर्मन बॉम्ब सापडला. हजारो लोकांना हलवून, तो लष्करी ताफ्यात रस्त्यांवरून नेऊन, समुद्रात उडवण्यात आला. पण खरा बोजा जर्मनीवर आहे, आणि तो दोस्त राष्ट्रांनी टाकलेल्या बॉम्बांचा.

मघाशी म्हटलं ते इथे येतं. ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनीही उशिरा फुटणारे बॉम्ब टाकले, आणि त्यांच्यातही काढणाऱ्याला मारणारी योजना होती. घड्याळाऐवजी त्यात रसायन असे. बॉम्ब पडताना शेपटीतल्या फ्यूजमधली ॲसिटोनची काचेची कुपी फुटते. ॲसिटोन झिरपत सेल्युलॉइडच्या चकतीवर येतं. ही चकती स्प्रिंगवरच्या खिळ्याला अडवून धरते. ती विरघळली की खिळा सुटतो. चकती किती जाड, त्यावर वेळ ठरते. बर्लिनजवळच्या ओरानिएनबुर्ग शहरावर १५ मार्च १९४५ रोजी असे बॉम्ब मोठ्या संख्येने पडले. तिथली जमीन वरून मऊ आणि खाली घट्ट. बॉम्ब आत शिरून वळले आणि नाक वर करून थांबले. फ्यूज शेपटीत असल्यामुळे ॲसिटोन चकतीकडे न येता उलट बाजूला ओघळलं. चकती शाबूत राहिली. पण वाफ तिला लागतच होती आणि सेल्युलॉइड जुनं होऊन आपसूक ठिसूळ होत जातं. त्यामुळे इथले बॉम्ब वर्षागणिक निरुपद्रवी होत नाहीत. कधी कधी तर कोणी जवळही नसताना ते फुटले आहेत. १ जून २०१० रोजी ग्योटिंगेनला ५०० किलोच्या अशाच एका बॉम्बाने पथकातल्या तिघांचा जीव घेतला. निकामी करण्याचं ठरलेलं काम तेव्हा सुरूही झालं नव्हतं.

जर्मनीतली पथकं हे बॉम्ब कसे शोधतात? युद्धात हल्ला झाला की दोस्तांची टेहळणी विमानं येऊन वरून फोटो काढून जात. नुकसान किती झालं ते मोजायला. ते फोटो आता जर्मन राज्यांनी विकत घेतले आहेत. जाणकार माणसं ते भिंगाखाली धरून बसतात. मोठं विवर म्हणजे फुटलेला बॉम्ब. विवरांच्या मधे एखादा बारीक काळा ठिपका दिसला तर तो न फुटलेल्याच्या शिरण्याचा असू शकतो. त्या ठिपक्याच्या जागी आज घर असतं, शाळा असते, नाही तर रेल्वेचे रूळ. तिथे ठरावीक अंतरावर अरुंद छिद्रं घेऊन त्यांत लोखंड ओळखणारं उपकरण सोडतात आणि मिळालेलं माप नकाशावर नोंदतात. ओरानिएनबुर्गमध्ये घर बांधायचं तर आधी जमिनीची अशी तपासणी करून घ्यावी लागते.